वर्गात दिव्यांग मूल आहे: नव्या शिक्षकासाठी जून ते एप्रिल

सोलापूर जिल्ह्यात जूनमध्ये शाळा सुरू झाली की नव्या शिक्षणसेवकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मुलाकडे प्रमाणपत्र नाही, मग मी काय करणार?" प्रमाणपत्र लागते ते भत्ते, साहित्य आणि बोर्डाच्या सवलतींसाठी. बाक हलवायला, फळ्यावर अक्षर मोठे काढायला किंवा मुलाकडे तोंड करून बोलायला कुणाचा शिक्का लागत नाही. कागदाचे काम त्याच्या गतीने होईल. वर्गातले मात्र उद्यापासून सुरू करायचे.

कायद्याचे थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात ७ होते. विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितच अडणे) आणि स्वमग्नता (ऑटिझम) नव्या यादीत आल्या. कलम १६ नुसार प्रवेश देताना भेदभाव करता येत नाही. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ही पसंती मुलाच्या आणि पालकांच्या बाजूची आहे. "आमच्याकडे सोय नाही, विशेष शाळेत न्या" असे मुख्याध्यापकांनी परस्पर ठरवायचे नसते. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविकलांग मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. तो घरच्यांनी घ्यायचा आहे; त्रास नको म्हणून शाळेने हातात टेकवायचा नाही.

पहिला आठवडा: निदान नको, नोंद हवी

एक वही घ्या, मुलाला एक पान द्या. परिपाठ, फळ्यावरून उतरवणे, मोठ्याने वाचन, पोषण आहार आणि मैदान या पाच वेळी काय दिसले ते लिहा. "लक्ष देत नाही" ही नोंद नव्हे, ते मत झाले. "मागून हाक मारली तर वळत नाही, समोरून बोलले की लगेच उठतो" ही नोंद. "फळ्यावरच्या ६ ओळींपैकी २ उतरवल्या, वहीतून मात्र सगळ्या उतरवल्या" हीसुद्धा नोंद. पहिली कानाकडे बोट दाखवते, दुसरी डोळ्याकडे.

अभ्यासात कच्चे दिसणाऱ्या मुलाचे आधी डोळे आणि कान तपासून घ्या, बाकी सगळे नंतर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर वर्ष जाते, म्हणून तारीख कळताच पालकांना निरोप द्या आणि तुमची वही पथकातल्या डॉक्टरांसमोर ठेवा. 'प्रशस्त' ही एनसीईआरटीची प्राथमिक तपासणी सूचीही वापरता येते. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने. ती चाळणी आहे, निदान नाही. तिच्यावरून मुलाला नाव चिकटवू नका.

अध्ययन अक्षमता की घरची भाषा?

सोलापुरात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. शहराच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरमध्ये कन्नड, काही मोहल्ल्यांत उर्दू. हे मूल मराठी शाळेत आले की पहिली दोन वर्षे ते जे चुकते, त्यातले बरेचसे भाषेचे असते.

तेलुगू आणि कन्नडच्या रोजच्या बोलण्यात महाप्राण, म्हणजे ख, घ, भ यांसारखे "ह" मिसळलेले आवाज, सैल होतात. मूल "भाकरी" ऐकून "बाकरी" लिहिते. हा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, नव्हे. ते मूल शब्द बोलताना काय म्हणते ते ऐका. बोलतानाही "बाकरी" म्हणत असेल तर चूक उच्चारातून वहीत उतरली आहे. बोलताना स्वच्छ "भाकरी" आणि लिहिताना कधी "माकरी", कधी "भारकी" येत असेल तर मात्र पुढे तपासायला हवे.

संख्यांचे तसेच. मराठीत "तेवीस" म्हणताना तीन आधी, वीस नंतर. तेलुगूत आणि कन्नडमध्ये वीस आधी, तीन नंतर. त्यामुळे या घरांतले मूल "तेवीस" ऐकून ३२ लिहिते. मराठी घरातलेही लिहिते, पण त्याचे हे बहुधा दुसरीपर्यंत सुटते. "एकोणचाळीस" ऐकून ४९ लिहिणे हा याचाच मोठा भाऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस तीन" अशा संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद बाजूला ठेवून सांगायचे तर अडखळणाऱ्या मुलासाठी ती उत्तम पायरी आहे. आधी "वीस आणि तीन" म्हणत दहाच्या दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या मांडायच्या, आकडा लिहायचा, मग "तेवीस" हे नाव जोडायचे. सहा आठवडे असे करूनही मूल काड्या बरोबर मांडते आणि आकडा उलटा लिहिते, किंवा मुळात काड्याच मोजता येत नाहीत, तर ती गोष्ट विशेष शिक्षकाला दाखवा.

निर्णयाची साधी कसोटी अशी: घरच्या भाषेत मूल गोष्ट सांगते का, तीन सूचना लागोपाठ पाळते का, हिशेब तोंडी करते का? हे जमत असेल आणि मराठी वाचनच अडत असेल तर आधी भाषा शिकवा. घरच्या भाषेतही यमक ओळखता येत नाही, शब्दाचा पहिला आवाज सांगता येत नाही, कालचे अक्षर आज अनोळखी वाटते, अशी स्थिती असेल तर अध्ययन अक्षमतेची शक्यता धरा.

ही शक्यता धरली की वाचनाचे काम असे करा. रोज १५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, ठरल्या वेळी. शनिवारी दीड तास बसवून हे भरून निघत नाही.

आठवड्याला चार-पाच अक्षरे, तीही दिसायला एकमेकांपासून दूर असलेली. क, म, न, र एकत्र चालतील. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, प आणि ष या जोड्या कधीही एकाच आठवड्यात आणू नका; "ख" तर सुटा "रव" वाचला जातो, त्याला वेगळा दिवस द्या. क्रम ठेवा: आवाज ऐकणे, वाळूत किंवा पॉलिश पेपरवर बोटाने गिरवणे, दोन अक्षरे जोडून वाचणे (कर, मन, नर), मग लिहिणे. स्वरचिन्हांत आधी फक्त काना. तो दहापैकी नऊ वेळा बरोबर आला की वेलांटी. ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह या टप्प्यावर धरू नका. आवाजाला अक्षर जुळले ते पुरे. जोडाक्षरे सगळ्यात शेवटी.

इथे चुकते ते बाराखडीमुळे. सगळी बाराखडी पाठ म्हणून घेतली जाते, मूल चालीवर खडखडीत म्हणते आणि "की" एकटी दाखवली की "क, का, कि" म्हणत तिच्यापर्यंत चालत येते. म्हणून पत्ते पिसून दाखवा, क्रमाने नको.

वर्गाच्या इतर तासांना या मुलाला फळ्यावरून सगळे उतरवायला लावू नका. शेजाऱ्याच्या वहीची झेरॉक्स द्या आणि तो वेळ तोंडी उत्तरांना वापरा. वही तपासताना एका पानावर दोनच चुका दाखवा. विज्ञानाचे उत्तर तोंडी बरोबर दिले तर ते बरोबर आहे; तिथे शुद्धलेखनाचे गुण कापण्यात काही अर्थ नाही.

कमी ऐकू येणारे मूल

अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. एक मीटरवरून स्पष्ट असलेले वाक्य चार मीटरवर पंख्याच्या घरघरीत बुडते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पंखा बंद करा असे कुणी सांगू नये, म्हणून तुम्हीच जवळ जा. मुलाला पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर, थोडे कडेला बसवा. ज्या कानाने बरे ऐकू येते तो कान वर्गाकडे हवा. कडेला अशासाठी की तुमच्याबरोबर बोलणाऱ्या मुलांचेही चेहरे दिसले पाहिजेत. खिडकीला पाठ करून तुम्ही उभे राहिलात तर चेहरा काळा पडतो आणि ओठ दिसत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोललेले वाया जाते. ओरडून बोलल्याने ओठांचा आकार बिघडतो, फायदा होत नाही.

ओठ वाचण्यालाही मर्यादा आहे. "पाळ, बाळ, भाळ, माळ" हे चारही शब्द ओठांवर एकसारखे दिसतात. म्हणून शब्द सुटा न देता वाक्यात द्या, आणि धड्यातले पाच-सहा नवे शब्द तास सुरू होण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. "समजलं का?" असे विचारू नका. प्रत्येक मूल मान डोलावते. "आता काय करायचं, सांग" असे विचारा.

श्रवणयंत्र असेल तर रोज सकाळी एक मिनिटाची तपासणी करा. मुलाच्या मागे एक मीटरवर उभे राहून नेहमीच्या आवाजात म्हणा: आ, ई, ऊ, म, श, स. प्रत्येक आवाजामध्ये वेगवेगळा थांबा घ्या, नाहीतर मूल अंदाजाने हात वर करते. ऐकलेले त्याने परत म्हणायचे किंवा हात वर करायचा. काल ऐकलेले श आणि स आज गेले तर सेल संपत आला आहे, नळीत घामाचे पाणी आहे किंवा कानात बसणाऱ्या साच्यात मळ अडकला आहे.

सेलचा रंग पाहून घ्या: १३ नंबरचा नारिंगी, ६७५ चा निळा. स्टिकर काढल्यावर हवा लागू द्यायची, एखादे मिनिट थांबून मग बसवायचा. स्टिकर एकदा काढले की सेल वापरला नाही तरी उतरतो, त्यामुळे चार सेलची स्टिकरे आधीच सोलून ठेवण्यात नुकसानच. सेल मुलाने गिळला तर वाट न पाहता थेट दवाखाना. यंत्र शिट्टी मारते म्हणून बंद करून ठेवायला सांगणे ही फार जुनी खोड आहे. शिट्टीचे बहुतेक वेळा कारण साचा सैल असणे किंवा नीट न बसणे हे असते. वाढत्या वयात कान मोठा होतो, साचा दर सहा महिने ते वर्षाने बदलावा लागतो. रात्री यंत्र सेल काढून, झाकण उघडे ठेवून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डबीत ठेवायला पालकांना दाखवा. उन्हात वाळवायचे नाही. आणि घरात यंत्रमाग असेल तर बोलण्याचा सराव माग बंद असतानाच करायचा, हेही स्पष्ट सांगा.

कमी दिसणारे आणि न दिसणारे

अंतर निम्मे केले की अक्षर दुप्पट मोठे दिसते, हा सगळ्यात स्वस्त उपाय. मूल पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर वाचू द्या. त्याने डोळे बिघडत नाहीत. मान तिरकी करून पाहत असेल तर सरळ करू नका, त्या कोनात त्याला स्थिर दिसत असते. फळा राखाडी पडला असेल तर आधी काळा रंग मारून घ्या आणि अक्षर पाच सेंटिमीटरपेक्षा लहान नको. ए-४ ची ए-३ झेरॉक्स काढली की १२ पॉइंटचे अक्षर साधारण १७ होते. पुष्कळ मुलांना तेवढे पुरते, काहींना २४ लागते. वहीत बारीक ओळींऐवजी काळ्या मार्करने दोन सेंटिमीटरवर ओळी आखून द्या. मोठ्या अक्षरांची आणि ब्रेल पाठ्यपुस्तके समग्र शिक्षा या सरकारी योजनेमार्फत मिळतात, मात्र मागणी वेळेत नोंदवावी लागते. शिकवताना "हे इकडे, ते तिकडे" बंद. "त्रिकोणाची डावी बाजू पाच सेंटिमीटर" असे पूर्ण बोला.

ब्रेल शिकवणे हे विशेष शिक्षकाचे काम आहे. तुम्हाला एवढे माहीत हवे की पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचे असते आणि कागद उलटून डावीकडून वाचायचा, म्हणून लिहायला डोळस मुलापेक्षा जास्त वेळ लागतो. गणिताला टेलर फ्रेम, म्हणजे खाचांत खिळे बसवून आकडे मांडायची पाटी.

हालचालीची अडचण

बाकावर पाय लोंबकळत असतील तर शरीर घसरते, ते सावरायला हात गुंततो आणि अक्षर बिघडते. पायाखाली पाट किंवा लाकडी खोके द्या, गुडघा आणि कंबर काटकोनात, कोपर बाकाच्या पातळीला. पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला की पकड जाड होते. वहीखाली रबरी चटई घातली की वही सरकत नाही.

उताराचे गणित एकास बारा. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार ५४० सेंटिमीटर लांब हवा, रुंदी किमान १२० आणि दोन्ही बाजूंना कठडे. शाळांत दिसणारे दोन मीटरचे उभे उतार मोटारसायकल चढवण्यापुरते असतात. त्यावरून व्हीलचेअर उलटते. उतार संपतो तिथे दाराला उंबरा नको, हेही बांधकाम चालू असतानाच शाळा व्यवस्थापन समितीने पाहावे.

स्वच्छतागृह वापरता येत नसले की मुले, विशेषतः मुली, पाणीच पीत नाहीत. चाळीस अंशांच्या वर उन्हाळा असलेल्या गावात हे धोक्याचे आहे: डोके दुखते, लघवीला जळजळ होते, मग गैरहजेरी. मुलगी तुम्हाला आपणहून सांगणार नाही. शिक्षिकेने पहिल्याच आठवड्यात एकटीला विचारावे. दार बाहेर उघडणारे, ९० सेंटिमीटर रुंद, आत पकडायला दांडी.

फिट आली तर घड्याळ पाहा, मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर द्या, आजूबाजूचे बाक दूर करा. तोंडात चमचा नको, कांदा किंवा चप्पल हुंगवणे नको, हातपाय दाबून धरणे नको. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८.

बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला वेगळे काम देऊन कोपऱ्यात बसवणे ही नेहमीची पळवाट. धडा तोच ठेवा, तुकडा लहान घ्या. वर्ग अपूर्णांक करत असेल तर त्याने भाकरीचे दोन सारखे भाग करून "अर्धी" दाखवावी. रोजची कामे पायऱ्यांत तोडा. हात धुण्याच्या सात पायऱ्या होत असतील तर पहिल्या सहा तुम्ही करून घ्या आणि शेवटची, हात पुसण्याची, त्याला एकट्याला करू द्या. ती जमली की शेवटच्या दोन. उलटीकडून शिकवल्याने काम पूर्ण केल्याचा आनंद दर वेळी त्याच्या वाट्याला येतो.

स्वमग्न मुलाला घंटा, परिपाठातला लाऊडस्पीकर, खिचडीच्या रांगेतली ढकलाढकली सहन होत नाही. दिवसाचा क्रम चित्रांत बाकावर चिकटवा, झालेले चित्र उलटे करायला द्या. घंटेच्या दोन मिनिटे आधी सांगा. जेवायला पाच मिनिटे लवकर सोडा. मूल किंचाळते किंवा चावते तेव्हा पाच दिवस तीन रकाने लिहा: आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर त्याला काय मिळाले. गणिताचे पुस्तक निघाले की किंचाळणे आणि मग वर्गाबाहेर, असे रोज दिसत असेल तर बाहेर काढण्याची शिक्षा त्याला बक्षीस वाटत आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घरचे वेळापत्रक मोडते; त्या आठवड्यात नवे काही सुरू करू नका.

आराखडा

विशेष शिक्षकाबरोबर बसून वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तीन महिन्यांचा करा, उद्दिष्टे तीनच. "वाचन सुधारणे" हे उद्दिष्ट मोजता येत नाही. "जोडाक्षर नसलेला पाच ओळींचा उतारा तीन मिनिटांत, पाचपेक्षा कमी चुका, सलग तीन वेळा" हे मोजता येते. विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात; ते आले त्या दिवशी त्यांना मुलाबरोबर बसवून तुम्ही दुसरीकडे गेलात तर त्यांनी काय केले ते तुम्हाला कळत नाही आणि मधल्या दिवसांत काम बंद पडते. शेजारी बसा.

कागदपत्रे

यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत मुलाचा दिव्यांग प्रकार भरला नसेल तर साहित्य, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता यांतले काहीच पुढे सरकत नाही. भरताना बँक खाते आधारशी जोडलेले आहे का तेही पाहा. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करून रुग्णालय निवडायचे असते. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात तपासणी होते, पण प्रत्येक प्रकाराची तपासणी रोज नसते. वार आधी विचारा. विड्या वळणाऱ्या आईची त्या दिवशीची हजारामागची मजुरी बुडते, आणि करमाळ्याहून तर शंभराहून जास्त किलोमीटरचा प्रवास. फेरी फुकट गेली तर पुन्हा ती येणार नाही. आधार, फोटो, रहिवासी पुरावा, जुने केसपेपर एका पिशवीत घालून द्या.

पालकांशी बोलताना वहीतले वाक्य वाचून दाखवा, निदान सांगू नका. आईला मराठी नीट येत नसेल तर वर्गातल्या मुलाला दुभाषा करू नका. घरातले गाऱ्हाणे मग सगळ्या गल्लीत जाते. आशाताई किंवा अंगणवाडीताई बोलवा.

दहावी

सवलतींचा अर्ज शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जातो. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही आणि चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी लागते, म्हणून तिसरीतला कागद दहावीला चालेल असे धरू नका. नववीच्या सुरुवातीलाच तारीख घ्या. तासाला २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. तो ऐन परीक्षेत पहिल्यांदा भेटला तर जादा तास ओळख होण्यातच जातो. सहामाहीपासून त्याच जोडीने किमान चार पेपर सोडवून घ्या. विरामचिन्हे, आकृतीतली नावे, "नवा परिच्छेद" हे सांगायची सवय आपोआप लागत नाही.

एप्रिलमध्ये पुढच्या वर्गशिक्षकासाठी एक पान लिहा: मूल कुठे बसते, सेल कोणता लागतो, कोणते अक्षर अजून अडते, कोणत्या आवाजाला घाबरते, घरी कोण बोलते आणि कोणत्या भाषेत. पान फाइलीला लावू नका. हातात द्या.